दलदलीचा सांधा

पेंटरचा हात असा होता, की चपलांच्या दुकानावर त्यानं रंगवलेल्या बुटाची नाडी सुटलेली बघून एक गृहस्थ ती बांधायला शिडी लावून चढले होते. खाली उतरले तेव्हा नाडी बांधलेली होती, असंही सांगणारे आहेत. पण आपण तेवढं ताणू नये.

पाट्यांचं काम सुटल्यावर हा पेंटर मुलीच्या खेळासाठी नकाशे काढायला बसला. खेळ असा, की रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती मंडळी जमायची, प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं आणि मुलगी त्यांना कुठेच नसलेल्या एका देशातून फिरवायची. अडलं की फासे. वरच्या मजल्यावरचे वकील बुटका लोहार व्हायचे, दातांची डॉक्टरीण चेटकीण. देश सगळा पेंटरच्या कागदांवर. मधमाशांच्या पोळ्यासारखे षटकोन, एखाद्यात डोंगर, एखाद्यात रान, एखाद्यात नुसती पडकी विहीर. एक षटकोन ओलांडायला एक दिवस, हा नियम. जमिनीवरून वाद झाला तर पेंटरचा शब्द शेवटचा, हाही नियम. तो त्यानं पहिल्याच रविवारी, चहा यायच्या आत मंजूर करून घेतला होता.

मंडळी निघाली होती समुद्राकडे. बंदर गाठलं की खेळ संपणार होता. आणि खेळ संपला की मुलगी नोकरीसाठी निघून जाणार होती, खऱ्याखुऱ्या समुद्रापलीकडे.

"अर्धवट टाकून नाही जाणार. सगळ्यांना शब्द दिलाय," असं तिनं घरात सांगितलं. आईनं मान डोलावली. पेंटरनं पेन्सिलीला टोक काढलं.

त्या दिवसापासून समुद्र मागे सरकू लागला. बंदराचा कागद कधीचाच तयार होता, सगळ्यांनी तो डोळे भरून पाहिला होता, त्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून मधे नवे कागद येऊ लागले. खिंडीपलीकडे रान उगवलं. रानापलीकडे पठार वर आलं.

"पेंटरसाहेब, गेल्या रविवारी इथवर खारा वारा येत होता," वकील म्हणाले. "आज हे पठार कुठून उपटलं?"

"वारा फिरला असेल."

"माझ्या लोहाराचे गुडघे गेले हो!"

"तुमचे तरी कुठे धड आहेत?" डॉक्टरीण म्हणाली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अहो, पोचू द्या की त्या बिचाऱ्यांना."

"देश आहे तो. त्याला रुंदी असायचीच," पेंटर म्हणाला.

पठार संपत आलं तशी त्यानं दलदल काढायला घेतली. एवढी मोठी, की एका कागदात मावेना. शेजारीशेजारी दोन लागले. वरच्या बाजूला पठार, खालच्या बाजूला बंदर, मधे ही. लव्हाळी, धुकं, बुडबुडे. जळवा तर अशा उतरल्या, की टेबल पुसताना आईनं फडकं लांबूनच फिरवलं. पण घाई नडली. षटकोन आखायचा पत्र्याचा साचा दुसऱ्या कागदावर ठेवताना आडवा धरला गेला. पहिल्या कागदावरच्या षटकोनांची सपाट बाजू वर, दुसऱ्यावरच्यांचा कोपरा वर. पेंटर जळवांत इतका रंगला होता, की त्याच्या ते ध्यानातच आलं नाही.

रविवारी कागद जोडले आणि वकिलांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"हे काय? बाकीच्या कागदांच्या सांध्यावर अर्ध्याला अर्धं लागून पूर्ण षटकोन होतो. इथे नुसते तुकडे. वरून खालपर्यंत तुकडेच तुकडे." ते खुर्चीतून उठले, कोर्टात उठतात तसे. "पूर्ण षटकोनाला एक दिवस. बरोबर? मग अपुऱ्याला किती? आमचा लोहार या सांध्यावरूनच चालणार. पठारावरून थेट बंदर!"

"चेटकीण पण त्याच्या मागे," डॉक्टरीण म्हणाली.

मुलीनं सांध्यावरून बोट फिरवत नेलं. बोट बंदरावर जाऊन थांबलं. मग तिनं बापाकडे पाहिलं.

"बाबा, जमिनीचा प्रश्न आहे. तुम्हीच सांगा. अपुऱ्याला किती दिवस?"

पेंटरच्या पुढ्यात सगळं होतं. तुकड्यामागे दिवस म्हटलं असतं, तर मंडळी म्हातारी झाली असती. कागद चुकला, पुन्हा काढतो म्हटलं असतं, तरी बरेच रविवार पदरात पडले असते. वकिलांनी चरफडत का होईना, ऐकलं असतं. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

"सांगा की," ती म्हणाली.

मुलीनं बंदरावरचं बोट उचललं नव्हतं. पेंटर त्या बोटाकडे बघत राहिला.

"अपुऱ्याला दिवस लागत नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"शाई वाळलीय."

दुसरा चहा यायच्या आत मंडळींनी अख्खी दलदल पायाला चिखल न लागू देता पार केली. लोहार पोहता येत नाही म्हणून जहाजात चढेना. चेटकिणीनं त्याला मागून ढकललं. खेळ संपला.

जाताना मुलीनं सगळा देश गुंडाळून सोबत नेला. दलदलीचे दोन कागद तेवढे मागे ठेवले. "हे कशात बसत नाहीत," म्हणाली. पेंटरनं ते जोडून भिंतीवर लावले. वकील रविवारी चहाला खाली येतात, कागदासमोर उभे राहतात आणि भेटेल त्याला छातीवर हात ठेवून सांगतात, की हवा दमट असली की त्या कागदाखालची फरशी ओली होते. फक्त सांध्याच्या बरोबर खाली एक पट्टा कोरडा राहतो.

आई फरशी पुसते ती तेवढा पट्टा सोडून.