जावयाचे वर केलेले हात

आमचे जावई फुटबॉल खेळतात. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगितलं की त्याचा चेहरा फुलतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, कुठल्या क्लबात? इथे माझी पंचाईत होते. कारण मी आठवून सांगेपर्यंत तो क्लब बदललेला असतो.

ते फॉरवर्ड आहेत. म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून गोल मारायचा, असं लेकीने लग्न ठरवताना मला समजावलं होतं. पुढे उभे ते नक्कीच राहतात, त्याबाबतीत माझी काही तक्रार नाही. गोलाचं म्हणाल तर झाला तर झाला. झाला तरी तो गुडघ्याला लागून नाहीतर पाठीला आपटून होतो, आणि एकदा तर ते आडवे पडलेले असताना चेंडू कानाला लागून आत गेला होता. तो कानाचा गोल लेकीने मला मोबाइलवर इतक्या वेळा दाखवला की शेवटी मी चष्मा हरवल्याचं सोंग घेतलं.

अकरा क्लब झाले. एका क्लबाचा मालकच पळून गेला. एका ठिकाणी प्रशिक्षक त्यांना आधीच्या फॉरवर्डच्या नावाने हाक मारायचा, आणि आमचे हे गृहस्थ निमूट ओ द्यायचे. एका क्लबाने त्यांना काढून टाकल्याचं बसच्या ड्रायव्हरकडून कळवलं. सकाळी बॅग घेऊन बसपाशी गेले, तर ड्रायव्हर म्हणाला, यादीत तुम्ही नाही. दुसरा कोणी असता तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. आमच्या जावयांनी बाकीच्यांच्या बॅगा डिकीत चढवायला मदत केली आणि घरी येऊन चहा टाकला.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर, पडदे. लेकीचे बाबा गेल्यापासून मी एकटीच बघते. लेक दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, आणि हाताने हुशार आहे. पण दर गावी नवा दवाखाना, आणि नव्या दवाखान्यात ही पुन्हा सगळ्यात शेवटची. काल आलेल्या पोरीसुद्धा हिला दातांची अवजारं उकळायला सांगणार. मी फोनवर चिडायचे. ती हसायची. तिच्या त्या हसण्याचा मला संताप यायचा, आणि तो सगळा जावयाच्या खात्यावर जमा व्हायचा.

पडद्यांचंच बघा. दर घराच्या खिडक्या वेगळ्या, आणि पडदे मात्र तेच. एका घरात जमिनीवर लोळायचे, पुढच्या घरात गुडघ्यापर्यंत यायचे. शिवणारीच्या लेकीच्या घरी ही अवस्था. जातील तिथे खोकी अर्धी उघडायची, रिकामी झालेली घडी करून कपाटामागे सरकवायची, आणि पुढच्या फोनची वाट बघत बसायचं.

आणि मग बारावा क्लब मिळाला तो आमच्याच गावाचा. मी बातमी ऐकली तेव्हा मशीनवर होते, सुई बोटात गेली. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्यांनी घर घेतलं भाड्याने. नात शाळेतून थेट दुकानात यायला लागली, कापायच्या टेबलाखाली बसून बटणं रंगांप्रमाणे लावायला लागली. लेक संध्याकाळी दाराशी उभी राहून "आई, काही आणू का" विचारायला लागली. इतक्या वर्षांनी मी माणसांत आले.

पहिलं काम केलं ते पडद्यांचं. टेप घेऊन गेले, खिडक्या मोजल्या, जाड कापड, आतून अस्तर, सगळं साग्रसंगीत. लेक म्हणाली, खाली दुमडीत भरपूर कापड ठेव, पुढे लागलं तर सोडता येईल. मी हो म्हणाले आणि दुकानात येऊन जास्तीचं कापड कापून टाकलं. पुढे कशाला लागेल? बास झालं आता पुढे. खिडक्यांच्या मापात बोटभरही इकडेतिकडे न होता पडदे लागले, आणि उरलेल्या चिंध्यांची मी उशी भरून टाकली.

आता त्या हातांबद्दल सांगते. एकदा त्यांच्याकडे टीव्हीवर मॅच लागली होती आणि जावयांनी खरोखर, पायाने, गोल मारला. मी आपली आनंदाने पुढे सरकले. बाकीचे खेळाडू उड्या मारत अंगावर येताहेत आणि हे आपले दोन्ही तळहात वर करून, मान खाली घालून, प्रेक्षकांपुढे उभे. पोलिसांनी बंदूक रोखावी तसे. जबाबदारी आली की हात वर करणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत, पण गोल मारून हात वर करणारा पहिलाच. लेकीला विचारलं, याला काय झालं? तर म्हणे तशी पद्धत आहे. आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल झाला तर आनंद करायचा नाही, हात वर करून माफी मागायची. मान ठेवायचा.

मी कपाळाला हात लावला. अकरा क्लब झालेल्या माणसाने ही पद्धत पाळायची म्हणजे झालंच. याला आनंद करायला विरोधी संघ उरलाय कुठे?

रात्री जावई घरी आल्यावर जेवताना मी विषय काढलाच. म्हटलं, जावईबापू, ज्यांनी तुम्हाला काढून टाकलं त्यांची माफी कसली मागता? त्यांनी घास गिळला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "आई, त्यांनी मला खेळू दिलं."

खेळू दिलं म्हणे. लेकीकडे पाहिलं तर ती त्यांच्या ताटात वाढत होती आणि गालातल्या गालात हसत होती. मनात आलं, सगळ्या दुनियेची माफी मागतोस बाबा, माझ्या लेकीला गावोगाव फिरवलंस त्याबद्दल एकदा तरी हात वर केलेस का? पण तोंडाला कुलूप लावून बसले. घरात येणंजाणं ठेवायचं होतं ना.

हंगाम संपत आला तसा क्लब गाळात गेला. लेकीने समजावलं, शेवटची मॅच जिंकली तर क्लब याच विभागात राहील आणि यांचा करार आणखी वर्षभर चालेल. बरोबरी झाली किंवा हरले तर क्लब खालच्या विभागात, आणि करार आपोआप रद्द. म्हणजे खोकी. म्हणजे माझं टेबल पुन्हा खालून रिकामं. ज्या खेळाला मी जन्मभर नाकं मुरडली, त्याच्यावर माझी लेक आणि नात टांगलेली होती. मी दुकानाला कुलूप लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेले.

खेळाडूंच्या घरच्यांची जागा एका कोपऱ्यात होती आणि मधे एक दोर बांधून पलीकडे पाहुण्या क्लबाचे लोक बसवले होते. पाहुणा क्लब कोणता, तर तोच, बसच्या ड्रायव्हरवाला. पहिल्या अर्ध्या वेळातच त्यांनी एक गोल केला. आमचे लोक शिव्या द्यायला लागले, त्यातल्या निम्म्या जावयांना. मीही दोन दिल्या, मनातल्या मनात. लेक नातीचा हात घट्ट धरून बसली होती.

अगदी शेवटी शेवटी, लोक उठून जायला लागले असताना, डावीकडून एक चेंडू आला आणि जावयांनी डोकं घातलं. गोल. सरळ, स्वच्छ, डोक्याने मारलेला गोल. मी किंचाळले. या वयात, पदर पडला त्याचंही भान नाही. आणखी एक, फक्त आणखी एक हवा होता. आमच्या एका खेळाडूने जाळ्यातून चेंडू उचलला आणि तो बगलेत मारून मधल्या रेषेकडे पळत सुटला. सगळा संघ पळत होता.

आणि आमचे जावई? आमचे जावई सावकाश चालत आमच्या कोपऱ्याकडे आले, दोराच्या पलीकडच्या लोकांसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. मान खाली. रेफरी हातवारे करतोय, कारण प्रत्येक खेळाडू आपापल्या अर्ध्या भागात परत गेल्याशिवाय खेळ सुरू करता येत नाही. कॅप्टन बोंबलतोय. सगळं मैदान बोंबलतंय. आणि हे माफी मागताहेत. माझ्या कानाशी दोराच्या पलीकडचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "हा कोण?" शेजारी म्हणाला, "कोण जाणे. शरण आलाय वाटतं."

शेवटी कॅप्टनने येऊन जर्सीला धरून ओढत नेलं. खेळ सुरू झाला, आमचे लोक जिवाच्या आकांताने पुढे गेले, डावीकडून तसाच चेंडू वर उचलला गेला. तो हवेत असतानाच शिट्टी वाजली. मॅच संपली. चेंडू खाली आला, कोणाच्या तरी पायाला लागून जाळ्यात गेला, पण तोवर त्याला काही अर्थ उरला नव्हता.

त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाने मला ऐकवलं. एक जण पँट घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्या जावयाने हात वर करून गाव बुडवलं. मी म्हटलं, कंबर केवढी? त्याची पँट मी चांगली दोन बोटं जास्त आखूड केली. मी माझ्या जावयाला काय वाटेल ते बोलेन, तो कोण लागून गेला?

पण बोलायला जावई समोर येतील तर ना. लेकसुद्धा दाराशी येईनाशी झाली. कामं आहेत म्हणून निरोप यायचा. नात तेवढी यायची, आणि तिला काही विचारायची माझी छाती होत नव्हती. मी मनात सगळं बोलणं तयार केलं होतं. तुम्ही जा, खुशाल जा, माझी लेक इथे राहील. तिला इथल्या दवाखान्यात आत्ता कुठे मान मिळायला लागलाय. पोरीची शाळा आहे. या खेपेला तिला फरपटत नेऊ देणार नाही. मशीन चालवताना मी हे मोठ्याने म्हणून बघायचे.

मग एका सकाळी दुकान उघडून मी झाडत होते, आणि दारात जावई उभे. काखेत गुंडाळलेले पडदे होते. ते त्यांनी टेबलावर ठेवले, एक पाऊल मागे गेले, आणि दोन्ही तळहात वर केले. मान खाली.

मला सगळं कळलं. हे हात फक्त सोडलेल्या क्लबापुढे वर होतात. म्हणजे आता मीही त्यांचा जुना क्लब झाले होते.

"कुठे?" मी विचारलं.

त्यांनी एका गावाचं नाव सांगितलं. मी ते कधी ऐकलंही नव्हतं.

तयार केलेलं बोलणं तोंडात होतंच. म्हटलं, "माझ्या लेकीला विचारलंत? की नेहमीसारखं खोक्यात भरून नेणार?"

"विचारलं, आई. म्हटलं, तू इथेच राहा, मी एकटा जातो." त्यांचे हात अजून वरच होते. "तर माझ्यावर रागावली. म्हणाली, येणार म्हणजे येणार, खोकी आणून ठेव. फक्त आईला सांगायला तू जा, ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की हा माणूस माझ्या पोरीला ओढून नेतो. तो कानाचा गोल ती मला पुन्हा पुन्हा दाखवायची, ते मी तिचं वेड समजत होते. ती सुखात होती. त्या अर्ध्या उघडलेल्या खोक्यांमध्ये, त्या लोळणाऱ्या पडद्यांमध्ये, या कानाने गोल मारणाऱ्या माणसाबरोबर ती सुखात होती, आणि मला ते सांगायला तिला जावयाला पाठवावं लागलं, कारण मी दुसरं काही ऐकूनच घेतलं नसतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

"आणि हे पडदे कशाला आणलेत?"

"तिने पाठवलेत. तिथल्या खिडक्या उंच आहेत. घरमालकाने मापं कळवलीत." ते चाचरले. "खालची दुमड सोडून द्या, म्हणाली. तुम्ही आत भरपूर कापड ठेवलंय ना."

मी उठले. कपाटात बघितलं. त्या रंगाचं कापड नव्हतं, मिळणारही नव्हतं. शेवटी एक निळा तागा काढला. जोड लांबून दिसणार होता. दिसू दे. मी पडद्याचं वरचं टोक उचललं आणि त्यांच्या हातात कोंबलं.

"हात वर केलेच आहेत तर धरा," म्हटलं. "आणखी वर. ताणून."

ते उंच आहेत, तेवढा एक गुण. पडदा त्यांच्या तळहातांपासून खाली सुटला आणि ते पार त्याच्या मागे गेले. मी खडू घेऊन खाली बसले. कापडापलीकडून आवाज आला, "आई, चुकलो मी."

"हलू नका," मी म्हटलं. "खूण वाकडी होतेय."

त्यांना पलीकडून माझा चेहरा दिसत नव्हता. मी डोळे पुसले, पुन्हा खडू उचलला आणि त्यांना तसंच हात वर करून बराच वेळ उभं ठेवलं.