टिकल्यांच्या खुणा

अस्मिताची गिटार लहान मापाची, मुलांसाठी असते तशी. तारा कुठल्या पट्टीपाशी दाबायच्या ते चटकन दिसावं म्हणून तिने गिटारच्या मानेच्या कडेला लाल टिकल्या चिकटवल्या होत्या. पण नेरूळच्या सोसायटीतल्या गणपतीत, अख्ख्या सोसायटीसमोर, ते खेळणं घेऊन कोण बसणार? तिने बी विंगमधल्या प्रियदर्शिनीची मोठी गिटार मागून आणली, शिवणाच्या टेपने आपल्या गिटारवरची अंतरं मोजली आणि हिच्यावर तेवढ्याच अंतरांवर टिकल्या लावल्या. सराव कशाला? गाणं तर पाठच होतं.

स्टेजवर सुरुवातीला तारा न दाबता मोकळ्याच छेडायच्या होत्या, तोवर बरं चाललं. मग बोटं टिकल्या बघून पडायला लागली आणि एकेक सूर घसरला. मागच्या खुर्च्यांवर हसू फुटलं. अस्मिता थांबली आणि सरळ माइकवर म्हणाली, “प्रियदर्शिनीची गिटारच खराब आहे.”

प्रियदर्शिनी उठून स्टेजवर आली. तिने गिटार मांडीवर घेतली, मानेच्या कडेवरून काहीतरी नखाने काढून मुठीत घेतलं आणि तेच गाणं न अडखळता वाजवलं. टाळ्या पडल्या.

नंतर ती अस्मिताच्या खुर्चीपाशी येऊन वाकली. “काकू, मान लांब असली की पट्ट्यांमधली अंतरंही वाढतात,” ती हळूच म्हणाली. “मी कुणाला काही बोलले नाही.” तिने मूठ उघडून टिकल्या पुढे केल्या.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी आधी त्या टिकल्यांकडे पाहिलं, मग सुनेच्या कपाळाकडे.