किमचीच्या फ्रीजमधली सिरिंज

मी बोलतेय. मी एक सिरिंज. काचेची, करंगळीएवढी जाड आणि बोटभर लांब. माझ्या पोटात फिलर भरलेलं असतं, म्हणजे पाण्यासारखं स्वच्छ आणि पाकासारखं चिकट औषध. चेहऱ्यावरच्या घळी बुजवायला माणसं ते टोचून घेतात. आता माझ्या पोटात त्यातला जेमतेम एक थेंब उरलाय. तो तरी कशाला उरला, असं मला वाटतं. सगळा घोळ उरल्यामुळेच झाला.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. जन्मापासून नव्हते, खोक्यात झाले.

डोंगरापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बायकांचे फक्त डोळे दिसायचे, बाकी सगळ्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेल्या. एकजण आम्हाला एकेक करून दिव्यासमोर धरायची. माझ्या शेजारणीच्या पोटात तिला धुळीचा कण दिसला आणि शेजारीण गेली. मी पास झाले. माझ्या अंगावर नंबराचं लेबल लागलं, खोक्याला सील लागलं आणि आत अंधार झाला.

त्या खोक्यात माझ्यासोबत एक घडीचा कागद होता. मुंगीएवढ्या अक्षरांचा. माणसं तो कधीच वाचत नाहीत. मला दुसरं कामच नव्हतं, म्हणून महिनोन्महिने मी तोच वाचला. सूज येणे. गाठ होणे. एकदा उघडल्यावर लगेच वापरावे, उरलेले टाकून द्यावे. रक्तवाहिनीत गेल्यास कातडी मरणे. आणि अगदी तळाशी, घडीत दबलेलं, दृष्टी जाणे. तो शब्द वाचला आणि मी भित्री झाले ती आजतागायत. मी जिच्या नशिबी जाईन तिचं काय होईल, हा एकच घोर.

मी गेले ओक-रानच्या नशिबी.

ओक-रान कोरियातल्या दैगू शहराच्या बाजारात तोंडीलावणी विकते. मुरवलेली पानं, परतलेल्या सुक्या मासळ्या, पाच तऱ्हेच्या किमची, म्हणजे मिरची-लसणात आंबवलेल्या भाज्या. वय सत्तावन्न, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. भल्या पहाटेपासून वाफेच्या भांड्यांपुढे उभी राहून तिचे गाल आत गेले होते आणि नाकापासून ओठापर्यंत दोन्हीकडे खोल रेघा पडल्या होत्या. तिला त्याचं काही नव्हतं. पण लेकीचं, हान-ब्योलचं, लग्न ठरलं आणि दोघी हानबोक, म्हणजे तिकडचा सणासुदीचा पोशाख, शिवायला टाकायला गेल्या. लग्नात वरमाय निळा हानबोक घालते, वधूमाय गुलाबी. दुकानदारानं ओक-रानकडे बघून लेकीला विचारलं, "आजींचा रंगही आजच ठरवायचा का?"

हे तिनं दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं तेव्हा मी फडताळात होते. ती हसत हसत सांगत होती, पण शेवटी आवाज चिरकला.

"एकुलत्या एका पोरीच्या लग्नात मला आई दिसायचंय हो. सुंदर नको. नुसती आई."

तिच्यासारखं शहाणं गिऱ्हाईक विरळाच. तिनं बाजाराजवळचे तीन दवाखाने पालथे घातले होते. पहिल्याच्या दारावर सवलतीचा फलक एवढा मोठा की दार दिसेना, आत मात्र डॉक्टर दिसले नाहीत. दुसऱ्यात तिला कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळंच करून घ्या म्हणाले. तिसरा चौथ्या मजल्यावरचा, डॉक्टर प्यो बाईंचा. दर मधला. ओक-राननं मासळीच्या कागदी पिशवीवर आणलेले तीन प्रश्न वाचून दाखवले. तिची मैत्रीण मल-सुन केशकर्तनालय चालवते, तिनंच ते लिहून दिले होते.

"टोचणार कोण? तुम्ही स्वतः का दुसरं कोणी?"

"मीच."

"बिघडलं तर विरघळवायचं औषध इथं आहे?"

डॉक्टरांनी कपाट उघडून दाखवलं.

"आणि खोकं माझ्यासमोर उघडा."

"आई, ते तर आम्ही सगळ्यांच्याच समोर उघडतो," नर्स म्हणाली. दवाखान्यात तिला सगळे 'आई'च म्हणत, आणि दर वेळी ती जरा ताठ बसायची.

सील तुटलं. माझ्यावरच्या लेबलाची जोडचिठ्ठी ओक-रानच्या कार्डावर चिकटली. डॉक्टरांचा हात स्थिर होता. टोचायच्या आधी त्या थांबायच्या, टोचताना गालाचा रंग बघायच्या, थेंबाथेंबानं पुढं जायच्या. अर्ध्यावर त्यांनी मला खाली ठेवलं.

"आज एवढंच बास. जास्त भरलं तर लेक ओळखायची नाही."

"आणि उरलेलं?"

"टाकून द्यायचं."

"टाकून?" ओक-रान उठून बसली. "अहो, अर्धं आहे अजून! काही दवाखाने नाव लिहून फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे."

"मी नाही ठेवत. उघडलं की जंतू येतात. अन्न नाही ते, आई."

डॉक्टर हात धुवायला वळल्या, नर्स कापूस आणायला गेली. ओक-रानचा हात ट्रेपाशी आला. मला टोपण लागलं, मी कागदी रुमालात गुंडाळले गेले आणि तिच्या पर्समध्ये पडले. चोरी केली असं तिला वाटलंच नाही. तिच्या हातून आजवर कोबीचं बाहेरचं पानसुद्धा वाया गेलेलं नव्हतं. त्याचंही ती सूप करायची.

घरी तिनं मला किमचीच्या फ्रीजमध्ये ठेवलं. मुळ्याची किमची एका बाजूला, तिळाची पानं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मी, झाकणाच्या डब्यात. दिवसातून दहादा दार उघडायचं आणि लसणाचा वास अंगावर यायचा. किमचीचे डबे खुशीत होते. त्यांच्यात काहीतरी वाढत होतं, आंबत होतं, तोच त्यांचा धर्म. पण माझ्या तोंडाशीही कोणीतरी बिऱ्हाड केलंय, हे मला हळूहळू जाणवायला लागलं. बाहेरून मी तशीच, स्वच्छ, चकचकीत. ओक-रान मला उजेडात धरून बघायची आणि खूश व्हायची. मला ओरडावंसं वाटे. काचेला ओरडता येत नाही.

तीन आठवड्यांनी शेजारच्या गाळेवालीनं तिला न्याहाळून म्हटलं, "छान दिसतेस गं. डावी बाजू जराशी खोल राहिली का?" झालं. त्याच दुपारी मी पर्समधून मल-सुनच्या दुकानात.

तिथं आठवड्यातून एकदा सुईवाली बाई यायची. पूर्वी कुठंतरी नर्स होते म्हणायची. केसांना गुंडाळ्या लावून बायका बसलेल्या असत, तेवढ्यात ही मागच्या खोलीत कोणाच्या कपाळाला, कोणाच्या हनुवटीला टोचून द्यायची. मल-सुन तिच्याकडे काणाडोळा करायची, कारण गिऱ्हाईक तुटायला नको. पण ओक-राननं मला बाहेर काढलं तेव्हा ती उखडली.

"तीन प्रश्न तुला लिहून दिले ते काय लोणच्याला? इथं डॉक्टर आहे? औषध आहे?"

"अगं ताई, माल तोच आहे ना! कारखान्यातला, खरा. माझ्यासमोर उघडलेला. हिचं काहीच नाही, हिनं फक्त टोचायचं."

ओक-रानची चूक काय झाली ते मला तेव्हा कळलं. तिला वाटत होतं, चांगलेपणा माझ्या पोटात आहे आणि मी जाईन तिथं तो येईल. तो तर डॉक्टरांच्या थांबणाऱ्या हातात होता, त्या कपाटात होता. मी नुसती काच.

"दहा मिनिटांचं काम, ताई," सुईवाली म्हणाली आणि मला नवी सुई लावली. माझं तोंड पुसलं नाही. ती थांबली नाही. नाकाच्या कडेला सुई घातली आणि दांडा दाबला, एका दमात.

कागदावरचा तळाचा शब्द मला आठवला. मी पुढं सरकू नये म्हणून जीव एकवटला, पण माझ्या हातात काय होतं? मी गेले. आणि मला कळलं की मी कातडीखाली नाही, वाहत्या गरम रक्तात शिरतेय.

"आई गं!" ओक-रान किंचाळली. "डोळ्यापर्यंत कळ गेली!"

"जराशी होतेच. हलू नका."

गालाची एक पट्टी पांढरी फटक पडली. मग तिच्यावर जांभळी जाळी उमटायला लागली. सुईवालीचा हात थांबला, आता थांबला. तिनं बर्फ दिला. "पहिल्या दिवशी असंच असतं," ती म्हणाली, पण पिशवी आवरायला लागली होती. मला उचलायला हात पुढं आला, तोच मल-सुननं तिचं मनगट धरलं.

"सुई ठेव तिथं."

"अहो, मला पुढं जायचंय..."

"ठेव म्हटलं ना! डॉक्टर विचारतील काय टोचलंस. तुला सांगता येणार आहे?"

टॅक्सीत मी मल-सुनच्या मुठीत होते. ओक-रान एक डोळा झाकून दुसऱ्यानं बाहेर बघत होती, मग दुसरा झाकून पहिल्यानं. दुकानांच्या पाट्या ती मोठ्यांदा वाचत होती. "ताई, दिसतंय ना मला? बरोबर वाचतेय ना?" मल-सुन रडत होती आणि "बरोबर गं, बरोबर," म्हणत होती. एवढी भीती मी कधी पाहिली नव्हती. आणि त्या भीतीचं कारण मी होते.

डॉक्टर प्यो एक शब्द रागानं बोलल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतलं, लेबल वाचलं, कार्डाशी ताडून पाहिलं. "माझंच आहे. हे विरघळतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडला. "भलतंच काही असतं तर माझ्या हातात काही नसतं." मग कपाट उघडलं. तासाभरात त्यांनी तिच्या गालात कितीदा औषध टोचलं ते मी मोजलं नाही. त्या गालात माझाच अर्धा जीव होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, विरघळ, विरघळ, काही ठेवू नकोस.

हान-ब्योल धावत आली तेव्हा गालावर गुलाबी रंग परतत होता. डॉक्टर बोटं दाखवत होत्या.

"किती?"

"दोन."

"आता डाव्यानं."

ओक-राननं पापणी मिटून उघडली, पुन्हा मिटली. नर्सच्या हातातली वाटी थांबली.

"आई, बोल ना गं!" लेक ओरडली.

"दोनच की. रडू येतंय म्हणून नीट दिसेना."

डोळा वाचला. पण माझ्या तोंडाशी बिऱ्हाड केलेले जंतू तिच्या गालात राहून गेले होते. आठवड्यानं तिथं पू झाला. माझ्या तोंडावरचा नमुना तपासणीला पाठवला आणि मला पारदर्शक पिशवीत घालून नर्सच्या खणात ठेवलं. ओक-रान रोज यायची, मास्क लावून. चिरा, पट्ट्या, गोळ्या. तिनं दुकान एक दिवसही बंद ठेवलं नाही, फक्त उकळत्या भांड्यांपासून लांब उभी राहायची.

आज ती शेवटच्या तपासणीला आली. लग्न चार दिवसांवर आहे. मास्क काढला. नाकाच्या कडेला तांदळाएवढा खड्डा राहिलाय आणि डावीकडची रेघ पुन्हा होती तशी. हान-ब्योल बिचकत म्हणाली, "आई, दुकानदाराचा फोन होता. विचारत होता, आजींचा हानबोक न्यायला कोण येणार."

ओक-राननं मास्कची घडी करून तो पर्समध्ये टाकला.

"सांग त्याला," ओक-रान म्हणाली, "आजी स्वतः येतेय. गुलाबीच तयार ठेव म्हणावं." मग नर्सकडे वळून, "ती सुई आहे का अजून?"

पिशवी तिच्या हातात आली. तिनं मला उजेडात धरलं, जुन्या सवयीनं. "थोडं उरलंय अजून," ती म्हणाली. नर्सचा चेहरा पडला. माझ्या पोटातला तो एक थेंबही गोठला.

"डबा उघडा. माझ्यासमोर."

नर्सनं टाकाऊ सुयांचा पिवळा डबा पुढं केला आणि ओक-राननं मला स्वतःच्या हातानं आत सोडलं. एक थेंब वाया गेला आणि तिला काही वाटलं नाही.

एवढंच सांगायचं होतं. खोकं उघडताना तुम्ही समोर उभे राहता ना, तसे उरलेलं टाकतानाही उभे राहा. आमच्यावर जीव लावू नका.

डब्याचं झाकण लागतंय. आत अंधार आहे, सुयांची गर्दी आहे आणि कुठं नेणार ते ठाऊक नाही. मला भीती वाटतेय. पण या वेळी ती फक्त माझ्यापुरती आहे.