दाराशी ठेवलेलं घंगाळ

मित्रांनो, शाळेच्या स्वयंपाकघरात चुलीच्या कडेला जी काळवंडलेली तांब्याची कढई पडून आहे ना, ती मी. वय विचाराल तर चाळिशी कधीच उलटली. रोमानियातल्या या खेड्यात माझ्याएवढी कढई दुसरी नाही. पण हा मोठेपणा माझा नव्हे. ज्यानं मला घडवलं त्या ग्रांचा तांबटाचा.

ग्रांचा रोमा समाजाचा. ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती. गावातले लोक त्यांना जिप्सी म्हणत, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करत. ग्रांचानं नऊ दिवस ठोकून माझं पोट घडवलं, आतून कल्हई लावली आणि शाळेच्या स्वयंपाकीण वेतुरियाताईंना बजावलं, "पोरी, हिच्यात कपडा भिजवायचा नाही. हात धुवायचे नाहीत. त्याला घंगाळ वेगळं, आणि ते घंगाळ जेवणाच्या भांड्यांत ठेवायचंसुद्धा नाही. आमच्यात असं बाटलेलं भांडं फेकूनच देतात."

"बरं बाबा, नाही बाटवत!" वेतुरियाताई हसल्या. पण त्यांनी ते पाळलं हो.

मग वर्षानुवर्षं माझ्यात आलुबुखाराचा मुरंबा रटरटला, कोबीचं सार उकळलं. गावच्या संताच्या सणाला गव्हाचा गोड प्रसाद शिजला. तो घेऊन मला थेट चर्चमध्ये नेत. पाद्रीबाबा त्यावर स्तोत्र गात, आणि त्या लांब, भरल्या सुरांनी माझं तांबंसुद्धा थरारायचं. कढई वेदीपाशी, आणि कढई घडवणारा दाराबाहेर, टोपी हातात धरून. त्याला बाहेर उभं करा असं त्या स्तोत्रात मात्र मी कधी ऐकलं नाही.

पुढे ग्रांचा वारला. माझी कल्हई उडाली. अॅल्युमिनियमची पातेली आली आणि मी कांद्याबटाट्यांची झाले.

मग एका शरदात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या बुद्धीची तपासणी स्वयंपाकघरातच झाली, कारण ऊब तिथेच होती. शहरातून एक बाई आल्या होत्या. तपासणीत जे मूल चुकेल ते अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत जायचं. तिथे चित्रं रंगवत, गाणी म्हणत, पण अक्षर शिकवत नसत. त्या खोलीतली सगळी मुलं ओढ्यापलीकडची.

ग्रांचाची नात लुलुजा बाईंसमोर बसली. तिची आजी वोइका दाराबाहेर थांबली. लुलुजाची थोरली बहीण सविना तीन वर्षं त्या मागच्या खोलीत होती आणि तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आता लुलुजा कुठे बसणार, ते या टेबलावर ठरायचं होतं.

बाईंनी लाकडी खेळणी मांडली. "घरातली भांडी एकीकडे ठेव, बाळ. बाकीचं दुसरीकडे."

पातेलं, ताटली, डाव एकीकडे गेले. चेंडू, बाहुली, घोडा दुसरीकडे. राहिलं इवलंसं घंगाळ. लुलुजानं ते उचललं, उठली आणि नेऊन दाराशी जमिनीवर ठेवलं.

"अगं, तेही भांडंच ना? आण इकडे."

"नाही."

"मी सांगते तरी?"

"नाही."

बाईंनी कागदावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "वर्गवारी समजत नाही. सूचना पाळत नाही." तपासणीच्या वहीचं पहिलं पान, म्हणजे ही वर्गवारी, चुकलं की पुढची पानं उघडायची नाहीत, असा त्यांचा शिरस्ता होता.

दारातून वोइकाआजी आत डोकावली. "काय चुकलं हो हिचं?"

"घंगाळ भांड्यांत ठेवायला तयार नाही."

"शाबास गं माझी बाय!" आजी खदखदून हसली. मग बाईंकडे पाहून म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही पाय धुता त्यातच रस्सा करता की काय? आम्ही घाणेरडे जिप्सी, आम्हाला बाई हे नाही जमायचं."

बाई लालबुंद झाल्या. चुलीपाशी वेतुरियाताई पुटपुटल्या, "यांच्यात तसंच असतं. मला चाळीस वर्षं ठाऊक आहे."

"मग आजवर बोलला का नाहीत?" बाईंनी त्यांना विचारलं.

"मला कुणी विचारलं? आणि खरं सांगू? मीही होऊन सांगितलं नाही."

बाईंनी पुढची पानं उघडली. लुलुजानं ती भराभर सोडवली, एकही न चुकता. बाईंनी कागदावरचं पहिलं वाक्य खोडलं. पण आजीनं आभार मानले नाहीत.

"आणि आमची सविना? तिनंही ते दाराशीच ठेवलं होतं."

बाईंनी जुन्या कागदांची फाईल सोडली. मागच्या खोलीतल्या मुलांचे आठ कागद निघाले. आठही जणांचं पहिलंच पान चुकलेलं.

त्या आठांपैकी तिघं त्या वर्षी नेहमीच्या वर्गात आली. उरलेल्या पाचांनी तोवर शाळाच सोडली होती. त्यांना आणायला कुणी गेल्याचं माझ्या कानावर नाही.

मित्रांनो, सविना आता पहिलीच्या बाकावर लुलुजाशेजारी बसते. बाक लहान पडतो, तिचे गुडघे वर येतात आणि पोरं हसतात. माझं मागणं मोठं नाही. मला घासा, न घासा. पण कुणी तुमच्यापेक्षा वेगळं वागलं, तर त्याच्या नावापुढे चूक लिहिण्याआधी त्याला "का?" एवढं विचारा. सविनाला ते कुणी विचारेपर्यंत तीन वर्षं गेली.