सुपाला लावलेली विभूती

रेवणप्पांनी नव्या यंत्राचा मुहूर्त खंडेनवमीचा काढला आणि तिथंच घोळ झाला.

लातूरच्या त्यांच्या डाळमिलमध्ये रंग पाहून खराब दाणा बाजूला फेकणारं यंत्र आलं होतं. दिल्लीच्या योजनेतून अनुदान मिळालेलं. न घेऊन चालणार नव्हतं. इतरांच्या चकचकीत डाळीपुढं त्यांच्या डाळीला कुणी विचारीना. घेतलं, तर सुपात डाळ निवडणाऱ्या बायकांना काम उरत नव्हतं. दसरा झाला की त्यांना घरी बसवायचं, असं मालकांनी मनाशी ठरवलं होतं. पण मिलमध्ये मनातलं मनात राहतंय होय? पारूबाईला कधीच कळलं होतं. तिची हयात इथं निवडण्यात गेली होती. या वयात दुसरीकडं कोण उभं करणार?

आता मिलचा रिवाज असा, की खंडेनवमीला बायका आपापलं सूप यंत्रांपुढं मांडणार आणि मालक त्यावर विभूती लावणार. विभूती लागली की त्या सुपाला वर्षभर काम. हा नेम रेवणप्पांच्या वडिलांचा. मुहूर्त काढताना चिरंजीव नेमका तोच विसरले.

योजनेचे साहेब आले. विकास आणि न्याय ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत, असं छान बोलले. टाळ्या झाल्या. बायकांनी रिवाजाप्रमाणं सुपं मांडली. रेवणप्पांना तेव्हा कुठं वडिलांचा नेम आठवला. ते पाठ फिरवून यंत्राचा हार सारखा करत बसले. हार सारखाच होता.

साहेबांना यातलं काय ठाऊक? फोटो चांगला येईल म्हणून त्यांनी मालकीणबाई उमाबाईंच्या हातातलं विभूतीचं ताट घेतलं आणि एकेका सुपावर तीन बोटं ओढली. सगळ्या सुपांवर.

साहेब गाडीकडं निघाले तसे मालक हळूच म्हणाले, "पारूबाई, इभूत साहेबानं लावली. म्या न्हाई."

ताकाला जाऊन भांडं लपवायची पारूबाईला सवय नव्हती. ती सूप घेऊन थेट गाडीला आडवी गेली. "साहेब, इभूत तुमी लावली. मालक म्हनतेत, काम बी तुमीच द्या."

रिवाज काय तो उमाबाईंनी सांगितला. साहेब गोरेमोरे झाले. "बाई, काम देणं माझ्या हातात नाही."

"मंग पुसून जावा. ज्यानं लावली त्यानंच पुसावी."

साहेबांनी रुमाल काढला. सुपाजवळ नेला. फोटोवाला अजून उभाच होता. हात काही पुढं सरकेना. साहेबांनी रुमाल तसाच खिशात घातला आणि रेवणप्पांकडं पाहिलं.

रेवणप्पांनी आधी उमाबाईंकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडं.

"दसरा झाला की या," ते म्हणाले. "यंत्र बी चालंल, सुपं बी. पन वरीसभरच. फुडच्या खंडेनवमीला सुपं घरी ठिवायची, आत्ताच सांगून ठिवतो."

पारूबाईनं सूप काखेत मारलं. तिला रडू येत होतं, पण ते तिनं गाडी जाईपर्यंत थोपवलं.

"ठिवते की," ती म्हणाली. "पन मालक, फुडच्या साली बी ह्याच साहेबाला बोलवा."