वेटोळ्याचा पिवळा दिवा

धोंडीरामने चावी एक घर फिरवली आणि स्टिअरिंगमागच्या काचेत वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागला. तो विझेपर्यंत त्याने हात मांडीवर ठेवला. दिवा विझला, मग त्याने सेल मारला. गाडी एका दमात सुरू झाली आणि मागून काळा धूर निघून गोठ्याकडे गेला.

गाडी जुनी, डिझेलची. थंडीत इंजिनातले चार हीटर आधी तापवावे लागतात. ते तापेपर्यंत दिवा जळतो, विझला की सेल मारायचा. गाडी विकणाऱ्याने हे नवरा-बायकोला एकदाच सांगितलं होतं. धोंडीराम विसरला, छबुबाई विसरली नाही. त्याचा हात घाईने चावीकडे गेला की डाव्या सीटवरून तिचा आवाज यायचा, "थांबा, दिवा विझू द्या."

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे तो दिवा लागलाच नाही. छबुबाई शाल गुंडाळून, छातीवर हात दाबून त्याच डाव्या सीटवर बसली होती. धोंडीराम सेल मारत राहिला. इंजिन नुसतं कण्हत होतं. शेवटी बॅटरी बसली. शेजारच्यांनी धक्का मारून पाहिला, कुणी दुसऱ्या वस्तीवरची जीप आणायला पळालं. जीप आली तेव्हा तिला या सीटवरून त्या सीटवर नेण्यात काही अर्थ राहिला नव्हता. वेळेत आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. धोंडीरामने ते ऐकून घेतलं.

तेव्हापासून गाडीत त्याला एकच गोष्ट दिसायची, हीटर. टायर गुळगुळीत झाले तरी त्याचं लक्ष नसे, पण हीटर त्याने दोनदा नवे टाकले. मागची सीट काढून तिथे वांग्यांचे क्रेट लावायचा आणि माजलगावला बाजारात न्यायचा. माल कितीही जास्त झाला तरी पुढच्या डाव्या सीटवर क्रेट ठेवत नसे. पोरगी वैष्णवी धरणापलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. तीही त्या सीटवर बसत नसे. ती स्कूटीवर जायची.

आणि आता हा दिवा चालत्या गाडीत लुकलुकायला लागला होता.

त्या दिवशीही गावाबाहेरच्या गतिरोधकावर गाडीला गचका बसला आणि वेटोळं लुकलुकू लागलं.  आज ना उद्या गाडी पुन्हा सुरू व्हायची नाही, असंच धोंडीरामला वाटलं. बाजारात माल उतरवला आणि तो थेट मोंढ्यामागच्या अल्ताफच्या गॅरेजवर गेला.

अल्ताफ टायरवर बसून चहा पीत होता. "काय मामा, परत?"

"परत. लुकलुक करतोय."

"आवो, चारी हीटर नवे हायेत. तुमच्यायेवढे हीटर अख्ख्या मोंढ्यात कुनी बदलले न्हाईत. गाडीत भजे तळायचेत का?"

"काढून बघ बे. लई बोलू नको."

अल्ताफने बॉनेट उघडलं. एकेक हीटर काढून बॅटरीला तारेने जोडला. टोक आधी काळं राहिलं, मग लाल झालं, मग निखाऱ्यासारखं फुललं. चारही तसेच. धोंडीराम वाकून पाहत होता.

"त्यो दुसरा परत लाव."

"बोट लावून बघता का? टनाटन हायेत, मामा." अल्ताफने पक्कड खाली ठेवली. "आता माझं ऐका. सुरू करताना लागतो, तवा त्यो दिवा हीटरचा. पन चालत्या गाडीत लुकलुकला का गाडी दुसरंच कायतरी सांगती. या जातीच्या गाडीत एकच दिवा दोन कामाला लावलाय. दुसरं म्हंजी काय, ते मशीन लावल्याबिगर कळत न्हाई. मशीन हाय बीडला."

"बीडला कवा जाऊ? वांगे झाडावरच पिवळे पडतेत."

"बरं, कवा लागतो तेवढं सांगा. सुरू केल्या केल्या?"

"न्हाई. गतिरोधकावर. गचका बसला का लागतो."

"रोज तितंच?"

"कवा पुलावरच्या खड्ड्यात. पन गचका बसल्यावरच."

"मग वायर ढिली आसंल कुठंतरी," अल्ताफ म्हणाला. त्याला दिशा मिळाली. त्याने हाताला येतील तेवढ्या वायरी हलवून पाहिल्या, दोन जोड सोडून पुन्हा बसवले, वर काळी टेप गुंडाळली. हात पुसत म्हणाला, "बघा आता. न्हाईच थांबला तर बल्ब काढून टाकतो. लई जन काढून घेतेत. दिसलाच न्हाई का टेन्शन न्हाई."

धोंडीरामचा हात नकळत दिव्यावरच्या काचेवर गेला. "न्हाई. दिवा ऱ्हाऊ दे."

अल्ताफने बॉनेट लावलं. छबुबाईच्या मातीला तोही आला होता. "बरं," तो म्हणाला. "पन बीडला जाच, मामा. आसा दिवा उगं लागत न्हाई."

घरी येताना दिवा गावाजवळ पुन्हा लुकलुकला. धोंडीरामने गाडी गोठ्याशेजारी लावली आणि बॉनेटवर पोतं टाकलं. थंडी वाढत होती.

वैष्णवी चुलीपुढं भाकरी थापत होती. "आबा, उद्या लसीकरन हाय. लसीचा डबा घ्यायचाय, लवकर निघावं लागंल. अन् धुई पडनार. धरनाकडून आत्ताच वाफा निघायल्यात."

"फाट्यापर्यंत मी म्होरं चालतो. माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेव."

"म्हायती हाय."

"अन् दिवा दिसंना झाला तर?"

"जागेवर थांबायचं. पुढं यायचं न्हाई. रोज परीक्षा घेता का?"

गाडीतच बस म्हणावं, असं त्याच्या तोंडाशी आलं. वैष्णवीने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं नसताना म्हणाली, "दिवसभर वस्त्यांवर फिरायला स्कूटी लागती मला."

"लागतीच की," धोंडीराम म्हणाला.

सकाळी धुक्यात दारातली बाभूळ दिसत नव्हती. धोंडीरामने चावी फिरवली, दिवा लागला, विझला, गाडी सुरू झाली. मागे वैष्णवीने स्कूटी सुरू केली. धुईत सगळे करतात तसं त्याने चारी इंडिकेटर लावून ठेवले आणि गाडी फाट्याकडे काढली.

मागच्या काचेतून क्रेटशिवाय काही दिसत नव्हतं. बाहेरच्या आरशात स्कूटीचा पांढरा दिवा दिसत होता. दिवा सुटू नये म्हणून पोरगी अगदी चिकटून चालली होती. धुई वाढली की ती आणखी जवळ यायची.

गतिरोधक आला. गाडी मुळातच गोगलगायीसारखी चालली होती, ब्रेक मारायची वेळ आली नाही. पुढची चाकं चढली, उतरली, क्रेट खडखडले. धोंडीरामने दिव्याकडे पाहिलं. वेटोळं काळं होतं. पुलावरच्या खड्ड्यात चांगलाच गचका बसला. तरीही काळं. अल्ताफच्या टेपने काम केलं म्हणायचं. त्याला बरं वाटलं. कालव्याकडेचा नवा रस्ता लागला तसं त्याने गाडी जरा पळवली. पांढरा दिवाही मागे पळू लागला.

अचानक उजवीकडून रानडुकराचं एक पिलू आडवं गेलं. धोंडीरामचा पाय ब्रेकला लागून सुटला.

वेटोळं लुकलुकायला लागलं.

रस्ता तर तळहातासारखा सपाट होता. गचका बसलाच नव्हता. धोंडीराम दिव्याकडे पाहत राहिला. गतिरोधकावर आपण काय करतो? खड्डा आला की काय करतो? ब्रेक मारतो. आज त्या दोन्ही जागी मारला नव्हता.

त्याने आरशात पाहिलं. स्कूटीचा दिवा एकदम मोठा झाला होता, डगमगला होता आणि आता पुन्हा मागे सरकत होता. धोंडीरामला मागच्या सालची धुई आठवली. तेव्हा ब्रेकला पाय लावला की आरशातली सगळी धुई लालभडक व्हायची. छबुबाई म्हणायची, मागं आग लागल्यावानी दिसतंय. आता त्याने पाय हळूच ब्रेकवर टेकवला. मागची धुई जशी होती तशीच राहिली. मागच्या साध्या दिव्याचा फिका रंग, इंडिकेटरचा पिवळा, बस. पांढरा दिवा पुन्हा झपकन अंगावर आला.

त्याने पाय काढून घेतला.  आपली गाडी थांबतेय हे पोरीला कळतच नव्हतं. किती दिवस कळत नव्हतं?

फाट्यापर्यंत असंच न्यावं, मग मोकळी जागा बघून हळूहळू कडेला घ्यावं, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात चाकाखाली काहीतरी चुरचुरलं. रस्त्यावर उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं पसरलेलं होतं. थोडं पुढे एक दगड. मग दुसरा.

या रस्त्यावर वाढं आणि दगड कशासाठी टाकतात, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढे उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. रस्त्यातच.

ब्रेक मारावा तर पोरगी मागून क्रेटांत घुसणार. गिअर खाली टाकून गाडी आवळावी तरी तेच. गाडी एकीकडे वळवून आपण सुटावं, तर ती सरळ ट्रॉलीवर जाणार. हॉर्न दिला तर तिला वाटणार, कुणाला तरी बाजूला करताहेत. इंडिकेटर तर घरापासूनच चालू होते. पोरीला थांब म्हणायला त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

पुढे धुईत काळपट, घरासारखं काहीतरी उभं राहू लागलं.

दिवा दिसंना झाला तर जागेवर थांबायचं.

धोंडीरामने एका हाताने इंडिकेटरचं बटण दाबलं आणि दुसऱ्याने लाईटचा खटका फिरवला. गाडी पुढून-मागून काळी झाली. समोर नुसतं पांढरं. पाय त्याने ब्रेकवर आणून तसाच अधांतरी धरला आणि डोळे आरशात लावले. पांढरा दिवा येत होता. येतच होता. मग तो खाली वाकल्यासारखा झाला, डावीकडे गेला आणि लहान होत होत धुईत बुडाला.

धोंडीराम ब्रेकवर उभा राहिला. टायर किंचाळले. क्रेट पुढे आले, वरचा फुटला आणि वांगी त्याच्या मानेवरून, डाव्या सीटवर, पायात पडली. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाची टोकं समोरच्या काचेला टेकली होती.

"आबा!" मागून हाक आली. वैष्णवी पळत आली. हेल्मेट काढायचं तिला सुचलं नव्हतं. "दिवा कावून बंद केला? येड लागलं का तुमाला? मी घसरले न्हाई का तिकडं—" मग तिला ट्रॉली दिसली.

धोंडीरामने तिचे हात, कोपर चाचपून पाहिले. मग म्हणाला, "मागं उभी ऱ्हा. बाजूनं."

त्याने लाईट लावले आणि सीटवर बसून ब्रेक दाबला. "लागला का?"

"काय?"

"लाल दिवा. मोठा."

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, आबा."

त्याने जीव खाऊन दाबला. "आता?"

 ती पुढे आली आणि दाराला धरून उभी राहिली. "मला वाटायचं, मी मागं हाय म्हनून तुमी ब्रेकच मारत न्हाई. गाडी आपोआप कमी व्हती, तवा आपनच सांभाळायचं."

मागून दूरवर ट्रकची घरघर ऐकू आली.  त्याने गाडी मागे घेऊन रस्त्याखाली उतरवली, तिने स्कूटी ओढत कडेच्या चारीत नेली. धोंडीरामने रस्त्याच्या कडेने मागे पळत जाऊन अंगावरचा पांढरा टॉवेल हलवला. उसाने भरलेला ट्रक धुईतून एकाएकी बाहेर आला, शेवटच्या घडीला वाकडा झाला, ट्रॉलीला घासल्यासारखा पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने धोंडीराम खाली बसला.

गाडीपाशी येऊन त्याने अल्ताफला फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"ब्रेकच्या पायडलाखालचं बटन गेलंय, मामा," अल्ताफ म्हणाला. "मागचा दिवा त्याच्यावरच लागतो. त्ये गेलं का हेबी लुकलुकतं. तुमी गचका म्हनालात, मी वायरी धुंडाळीत बसलो. दोघाच्या बी डोक्यात आलं न्हाई, गतिरोधकावर मानूस ब्रेक मारतोच की. पोरगी ठीक हाय का?"

"ठीक हाय."

"गाडी हलवू नका. ऊन पडलं का मी येतो."

वैष्णवी थंडीने कापत होती. तिने डावं दार उघडलं, सीटवरची वांगी एकेक करून उचलली, पायाशी ठेवली आणि आत बसली. धोंडीरामने तिच्याकडे पाहिलं नाही. काचेवर दव साचलं होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं. पोरीला ऊब मिळावी म्हणून त्याने चावी फिरवली. वेटोळं लागलं. त्याचा हात तसाच पुढे जायला निघाला.

"थांबा," वैष्णवी म्हणाली, "दिवा विझू द्या."

दिवा विझला. त्याने गाडी सुरू केली. वर्षानुवर्षांच्या सवयीने पाय ब्रेकवर गेला आणि वेटोळं लुकलुकायला लागलं.

वैष्णवीने हात पुढे करून चावी काढून घेतली आणि मुठीत धरली. गाडी गप्प झाली. मागून दुसऱ्या ट्रकचा आवाज येत होता. धोंडीरामने टॉवेल उचलला आणि तो पुन्हा दार उघडून रस्त्याकडे निघाला.