रेघ खाली गेली आणि पेढे वाटले

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि रेघांतलं मला सगळं कळतं, असा माझा तोरा होता! चाकणच्या एका कारखान्यात, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या विभागात मी बावीस वर्षं टांगलेलो आहे. रोज सकाळी सुपरवायझर दत्तोबा माझ्यावर उत्पादनाची रेघ ओढतात. रेघ वर गेली की पेढे, खाली गेली की साहेबांच्या शिव्या. एवढंच माझं शिक्षण.

गेल्या महिन्यात जर्मनीहून पाहुणे येणार होते. माल बनवताना किती कार्बन हवेत जातो, याची आम्हाला जाण आहे का, हे त्यांना बघायचं होतं. पटलं तर नवीन काम, नाहीतर सेकंड शिफ्ट बंद आणि चाळीस माणसं घरी. समजावून सांगायचं होतं नव्या इंजिनिअर श्रद्धाने. तिने आदल्या दिवशी माझ्यावर युरोपातल्या देशांच्या रेघा काढल्या. माणशी किती कार्बन डायऑक्साइड, १९९० पासून आजपर्यंत. ब्रिटनची रेघ घसरगुंडी, जर्मनीची जरा सावकाश, पोलंडची अडखळत. एवढासा लक्झेंबर्ग, पण माणशी बघितलं तर सगळ्यांच्या वर! तोही उतरणीलाच. शेवटी आमच्या विभागाची रेघ, दर नगामागे. दत्तोबांनी दाबाच्या हवेच्या पाइपांची गळती बुजवल्यापासून ती हवा भरणाऱ्या यंत्राला वीज कमी लागत होती, म्हणजे कार्बनही कमी, म्हणून तीही खाली.

सकाळी दत्तोबा आले नि हबकले. "आरं देवा! समद्या रेघा खाली? पाव्हण्यांपुढं अब्रू जायची!" आणि फडक्याने मला लख्ख पुसून टाकलं. मलाही तेच पटलं, खाली गेलेली रेघ म्हणजे शिव्याच की!

श्रद्धा पाहुण्यांना घेऊन आली आणि जागीच थिजली. "काका, रेघा कुठं गेल्या?"

"म्या पुसल्या. खाली चालल्या हुत्या की गं."

"अहो काका, हा धूर आहे! खाली जाईल तेवढं चांगलं."

दत्तोबांनी कपाळावर हात मारला. पण पोरगी खमकी. पेन उचललं आणि एकेक देश आठवून पुन्हा काढला. शेवटच्या रेघेला तिने पेन दत्तोबांच्या हातात दिलं. "ही तुमची. गळती तुम्ही बुजवलीत."

दत्तोबांनी फडकं खांद्यावर टाकलं. आणि कुठला पाइप कधी दुरुस्त केला ते सांगत त्यांनी रेघ खाली आणली. श्रद्धा ते पाहुण्यांना इंग्रजीत समजावत म्हणाली, "माणशी आणि नगामागे, आकडे वेगळे. पण दिशा बघा, एकच आहे." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने काम मिळाल्याचं पत्र आलं, सेकंड शिफ्ट वाचली. खाली गेलेल्या रेघेचे पेढे मी पहिल्यांदाच बघितले, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

मित्रांनो, रेघ पुसण्याआधी ती कशाची आहे, एवढं विचारत जा. दत्तोबांनी तर माझ्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, 'इचारल्याबिगर पुसू नये.'